बधिर मातांचे ऐकते पुत्र



ज्यांना व्याख्यान ऐकू येत नाही, त्यांच्याविषयी व्याख्यान द्यावयाचे हा थोडा विचित्र योग आहे. या ज्ञानसत्रात राजकारण, वाङ्‌मय, अर्थशास्त्र, संतचरित्रे यांवर बोलणारे विद्वान पुष्कळ येतात आणि आपण त्यांचे मनोभावे ऐकता. इतिहासाच्या नावाने आम्ही मात्र बहिऱ्यांची आणि त्यांच्या मुलाबाळांची कथा सांगावयास उभे राहिलो आहोत. तेव्हा या विषयाचा इतिहासाशी संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर प्रथम एका साध्या दृश्याने देतो.

दवाखान्यात केसपेपर काढण्याच्या खिडकीपाशी एक जोडपे उभे आहे. नवरा बहिरा, बायकोही बहिरी. दोघांच्या मध्ये आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिला ऐकू येते. डॉक्टर बोलतात ते ती ऐकते, हातांनी आईला सांगते. आई हातांनी विचारते, ते ती तोंडाने डॉक्टरांना सांगते. रांगेतली माणसे कौतुकाने म्हणतात, “पोर किती हुशार आहे!” आणि आपापल्या कामाला लागतात. पण डॉक्टरांनी जे सांगितले ते आईला सांगण्यासारखे नसेल तर त्या पोरीने काय करावे? तिने ते गिळून टाकले तर ते तिच्या पोटात किती वर्षे राहील? आणि ती स्वतः कोण? ऐकणाऱ्यांपैकी की बहिऱ्यांपैकी? हे प्रश्न रांगेतल्या कोणाला पडत नाहीत. आमचे म्हणणे असे आहे की, हे प्रश्न त्या एका घराचे नसून त्यांच्यामागे दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे. आणि योगायोग असा की, त्या इतिहासातील दोन प्रमुख प्रतिस्पर्धी स्वतःच बधिर मातांचे ऐकते पुत्र होते.

जुना समज

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण सहज ‘मुका-बहिरा’ असा जोडशब्द वापरतो, जणू हे दोन निराळे रोग एकाच माणसास जडले आहेत. वस्तुतः बहुतेक बहिऱ्यांचा कंठ तुमच्याआमच्यासारखाच धड असतो. मूल बोलते ते ऐकून बोलते. जे कानी पडले नाही ते ओठी येत नाही, इतकेच. पण भाषा नाही म्हणजे बुद्धी नाही, असा निष्कर्ष जगभर काढला गेला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कास अपात्र ठरविलेल्यांची यादी आहे. तीत जन्मांध आणि जन्मबधिर, उन्मत्त, जड आणि मूक हे एकाच ओळीत बसविले आहेत. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, पण वाटा देऊ नये, असा तो नियम. हिंदू कायद्यातील ही अपात्रता दूर करणारा अधिनियम आपल्याकडे 1928 साली झाला. म्हणजे बहिरा आणि वेडा यांना एका दाव्याला बांधण्याची रीत आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत कायद्याने चालू होती. ‘मुकी बिचारी कुणीही हाका’ ही म्हण गुरांना लावतात. माणसांनाही ती फारशी चुकली नाही.

आणि तरीही हातांनी बोलता येते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हती असे नाही. हाताच्या मुद्रांनी आणि बोटांच्या संख्येने अक्षरे दाखविण्याच्या कलेला मराठीत करपल्लवी असा किती सुंदर शब्द आहे! पण ती कला गुप्त निरोपासाठी आणि करमणुकीसाठी राहिली. बहिऱ्यांच्या शिक्षणाशी तिची गाठ आपल्याकडे कोणी घालून दिली नाही. ती गाठ युरोपात पडली.

पॅरिसहून हार्टफर्डला

1760 च्या सुमारास पॅरिसमध्ये शार्ल-मिशेल द लेपे नावाच्या एका धर्मोपदेशकाने दोन बहिऱ्या बहिणींना शिकविण्यास घेतले. त्याचे वैशिष्ट्य हे की, त्याने त्यांना बोलते करण्याचा हट्ट धरला नाही. बहिरी माणसे आपसांत ज्या खुणांनी बोलतात त्याच खुणा त्याने प्रथम शिकून घेतल्या आणि त्यांच्या साह्याने लिहिणे-वाचणे शिकविले. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या भाषेत जावे, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्या काळी क्रांतिकारक होती. लेपे 1789 मध्ये वारला. त्याच्या शाळेला 1791 मध्ये राष्ट्रीय संस्थेचे रूप आले.

या संस्थेत लोराँ क्लेर हा बधिर मुलगा शिकला आणि तेथेच शिक्षक झाला. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी एका डॉक्टरांची अ‍ॅलिस कॉग्स्वेल नावाची बहिरी मुलगी होती. तिच्या शेजारी राहणारे टॉमस हॉपकिन्स गॅलोडेट हे तरुण धर्मशास्त्री बहिऱ्यांना शिकविण्याची विद्या मिळविण्यासाठी 1815 साली युरोपात गेले आणि पुढल्या वर्षी क्लेर यांना बरोबर घेऊन परतले. जहाजावरच्या 52 दिवसांच्या प्रवासात क्लेर यांनी गॅलोडेटना खुणांची भाषा शिकविली आणि गॅलोडेटनी त्यांना इंग्रजी. 15 एप्रिल 1817 रोजी हार्टफर्डची शाळा उघडली.

त्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत सोफाया फाउलर ही 19 वर्षांची जन्मबधिर मुलगी होती. तोवर तिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. 1821 मध्ये तिचा आणि गॅलोडेट यांचा विवाह झाला. त्यांना आठ अपत्ये झाली. थोरला टॉमस आणि 1837 मध्ये जन्मलेला धाकटा एडवर्ड हे दोघेही ऐकते. पाळण्यातल्या एडवर्डला जी भाषा प्रथम मिळाली ती आईच्या हातांची. मातृभाषा हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! येथे त्याचा अर्थ तपासून घ्यावा लागतो. बधिर आईच्या ऐकत्या मुलाची मातृभाषा कानांनी ऐकावयाची नसतेच. उलट, ऐकत्या आईच्या पोटी बहिरे मूल आले तर आईची भाषा हीच त्याला परकी ठरते.

दोन घरे

आता दुसऱ्या घराकडे वळू. 1847 मध्ये एडिंबरो येथे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा जन्म झाला. आजोबा आणि वडील शुद्ध उच्चाराचे नामांकित शिक्षक. घरात दिवसरात्र वाणीचीच उपासना. आणि त्याच घरात आई एलायझा यांना अगदी कमी ऐकू येई. मात्र भाषा आणि वाणी यांवर त्यांचे प्रभुत्व होते. त्या पियानोही वाजवीत. लहानगा अलेक्झांडर बोटांची अक्षरे शिकला. दिवाणखान्यात चाललेले संभाषण तो आईशेजारी बसून तिला बोटांनी कळवी, आणि कधी तिच्या कपाळाजवळ ओठ नेऊन खालच्या स्वरात बोले, म्हणजे आवाजाचा कंप तिला जाणवे. दवाखान्यातल्या त्या मुलीचा हा सख्खा भाऊच म्हणावयाचा.

दोन्ही मुलांचे आईवर निस्सीम प्रेम होते. दोघांनीही आपले आयुष्य बहिऱ्यांसाठी वेचले. एडवर्ड गॅलोडेट हे 1857 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, वॉशिंग्टन येथील बहिऱ्यांच्या व अंधांच्या नव्या संस्थेचे प्रमुख झाले. पदभार घेण्यास ते एकटे गेले नाहीत. विधवा सोफायाबाई त्यांच्याबरोबर गेल्या आणि संस्थेच्या गृहमाता झाल्या. 1864 मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी या संस्थेस महाविद्यालयीन पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. यादवी युद्ध चालू असता ही सही झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बेल हे 1871 पासून बॉस्टन येथे बहिऱ्या मुलांना उच्चार शिकवीत होते. आवाजाची कंपने विजेच्या तारेतून कशी न्यावी या त्यांच्या ध्यासातून 1876 मध्ये टेलिफोन निघाला. 1877 मध्ये त्यांनी मेबल हबर्ड या बधिर तरुणीशी लग्न केले. मेबलबाईंचे कान पाच वर्षांच्या असताना तापात गेले होते. त्या ओठांवरून शब्द ओळखीत आणि तोंडाने बोलत. म्हणजे बेल हे बधिर मातेचे पुत्र तर होतेच, शिवाय त्यांच्या मुलीही बधिर मातेच्या ऐकत्या मुली होत्या.

येथवर दोन्ही चरित्रे समांतर चालतात. पुढे मात्र वाट फुटते. गॅलोडेट म्हणत, खुणांची भाषा ही बहिऱ्यांची स्वतःची भाषा आहे. तिच्या पायावर शिक्षण उभारा आणि ज्याला जमेल त्याला बोलणेही शिकवा. बेल म्हणत, खुणांनी बहिरा माणूस जगापासून तुटतो. त्याला ओठ वाचावयास आणि तोंडाने बोलावयास शिकवा, म्हणजे तो चारचौघांत मिसळून जाईल. एका घरातले दुःख घेऊन निघालेले दोन पुत्र परस्परविरुद्ध टोकांना का गेले? आमच्या मते याचे कारण त्यांच्या मातांत आहे. एलायझाबाई आणि मेबलबाई यांना भाषा आधी मिळाली होती. त्यांची सारी माणसे ऐकती होती, आणि त्या समाजात टिकून राहणे हीच त्यांची धडपड होती. सोफायाबाईंना भाषा मिळाली ती हातांतून, एकोणिसाव्या वर्षी, आपल्यासारख्याच इतरांच्या संगतीत. एकीच्या दृष्टीने बहिरेपण ही गमावलेली वस्तू, तर दुसरीच्या दृष्टीने तो आपल्या माणसांत येण्याचा दरवाजा. प्रत्येक पुत्राने आपल्या आईवरून साऱ्या जगातील बहिऱ्यांचे माप घेतले. प्रेमाने केलेली मोजणी चुकली तर ती द्वेषाने केलेल्या मोजणीपेक्षा कमी नडते, असे मात्र इतिहास सांगत नाही.

मिलानचा ठराव

1880 च्या सप्टेंबरमध्ये इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एकशेसाठांवर प्रतिनिधींत जेम्स डेनिसन हे एकच बधिर होते. एडवर्ड गॅलोडेट आणि त्यांचे बंधू टॉमस यांनी विरोध केला, पण खुणांपेक्षा वाणी निःसंशय श्रेष्ठ असल्याने शिक्षणात वाणीचाच अवलंब करावा, असा ठराव प्रचंड बहुमताने संमत झाला. ज्यांच्या भाषेचा निकाल लागावयाचा त्यांना मतच नव्हते. पुढील काही दशकांत युरोप-अमेरिकेतील शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. वर्गात हात हलविणाऱ्या मुलांस शिक्षा होऊ लागल्या. हे मूल दिवसभर शिक्षकाच्या ओठांकडे पाही आणि रात्री वसतिगृहात दिवा मालवण्याआधी मित्रांशी चोरून हातांनी बोले. जी भाषा आपल्याला जिवंत ठेवते तिचीच लाज वाटावी, अशी ही शिकवण होती. 2010 साली व्हॅन्कूवर येथे भरलेल्या अशाच परिषदेने मिलानच्या ठरावाविषयी खेद व्यक्त केला. मधल्या एकशेतीस वर्षांत किती पिढ्या होऊन गेल्या याचा हिशेब आपणच करावा.

बेल यांनी 1883 मध्ये आणखी एक पाऊल टाकले. बहिरे बहिऱ्यांशीच लग्न करतात, म्हणून मनुष्यजातीचा एक बधिर वाण निर्माण होईल, अशी भीती व्यक्त करणारा निबंध त्यांनी अमेरिकेच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला. कायद्याने लग्ने बंद करण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. बहिऱ्यांना एकत्र आणणाऱ्या निवासी शाळा, बधिर शिक्षक आणि खुणांची भाषा ही कारणेच दूर करावी, असा त्यांचा उपाय होता. या भीतीची तपासणी गॅलोडेट यांच्याच संस्थेतील एडवर्ड अ‍ॅलन फे यांनी केली. हजारो बधिर दांपत्यांची माहिती गोळा करून त्यांनी 1898 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आढळले ते असे की, या दांपत्यांच्या दर दहा मुलांपैकी नऊ मुले ऐकती होती. ऐकत्या संततीची ही गोष्ट आकड्यांनी सिद्ध झाली, पण भीती आकड्यांनी जात नाही. जर्मनीत 1933 च्या नाझी कायद्याने आनुवंशिक बहिरेपणा हा निर्बीजीकरणाच्या कारणांत घातला. त्याच यादीत छिन्नमनस्कता आणि बुद्धिमांद्य होते. मनुस्मृतीतील ती जुनी ओळ येथे शस्त्रक्रियेच्या मेजावर पुन्हा भेटते. सुमारे 17,000 बधिर स्त्री-पुरुष या कायद्याचे बळी झाले, असे या विषयाचे संशोधक होर्स्ट बीसोल्ड यांनी दाखविले आहे. बेल हे 1922 मध्येच निवर्तले होते. या अत्याचाराचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण एखाद्या समाजाचे अस्तित्व हाच रोग समजण्याची वाट कोठवर जाते, हे यावरून दिसते.

याच बेल यांनी संशोधनासाठी मार्थाज विन्यर्ड या अमेरिकन बेटावरील घराण्यांच्या वंशावळी तपासल्या होत्या. तेथे पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळ मुले बहिरी जन्मत. चिल्मार्क गावात तर एकोणिसाव्या शतकात दर पंचवीस माणसांत एक बहिरा असे. पण तेथे ऐकणारेही लहानपणापासून खुणांची भाषा शिकत. कोळी समुद्रावर दूरच्या होडीतल्या माणसाशी हातांनी बोलत. नोरा एलन ग्रोस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने या बेटावर 1985 मध्ये पुस्तक लिहिले. गावातल्या वृद्धांशी ती बोलली तेव्हा अमका चांगला कोळी होता हे त्यांना आधी आठवे आणि तो बहिरा होता हे मागाहून. त्या वंशातील शेवटचे बधिर माणूस 1952 मध्ये वारले. या बेटावर बहिरेपण होते, पण एकाकीपण नव्हते. दोहोंत फरक आहे, आणि मनाच्या आरोग्याचा सारा प्रश्न त्या फरकात सामावला आहे.

वेडा कोण?

खुणा न जाणणाऱ्या डॉक्टरापुढे बहिऱ्या माणसाचे काय होते, याचे एकच उदाहरण देतो. ज्यूनियस विल्सन हा 1908 मध्ये जन्मलेला नॉर्थ कॅरोलायनातील कृष्णवर्णी बधिर तरुण. काळ्या मुलांसाठी असलेल्या राली येथील वेगळ्या शाळेत जी खुणांची बोली चाले तीच त्याला येई. 1925 मध्ये त्याच्यावर एक आरोप आला. त्याची बोली जाणणारे कोणी न्यायालयात नव्हते. त्याला वेडा ठरवून काळ्या मनोरुग्णांच्या इस्पितळात पाठविले आणि तेथे त्याचे पुरुषत्व नष्ट करण्यात आले. पुढे आरोप काढून घेतला गेला, तरी माणूस तेथेच राहिला. 2001 मध्ये तो वारला तेव्हा त्या आवारात त्याची पाऊणशे वर्षे गेली होती. तो वेडा नव्हता.

1955 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या मनोरुग्णसंस्थेत बहिऱ्यांसाठी स्वतंत्र मानसोपचार विभाग निघाला. फ्रान्ट्‌स कालमन, जॉन रेनर आणि केनेथ आल्टशूलर या डॉक्टरांनी रुग्णांशी त्यांच्या भाषेत बोलण्याचा प्रयत्न केला आणि 1963 मध्ये आपल्या कामाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. 1960 मध्ये विल्यम स्टोकी या प्राध्यापकाने, तेही गॅलोडेट महाविद्यालयातच, खुणांची भाषा म्हणजे इंग्रजीचे तुटके नक्कल-रूप नसून तिला स्वतःची घडण आणि व्याकरण आहे, हे दाखविले होते. या दोन कामांतून एक नवी समजूत हळूहळू रुजली. बहिरेपणा हा मनाचा रोग नव्हे. रोग उद्भवतो तो दुसऱ्याच कारणाने. जन्मापासून पाच-सहा वर्षे ज्या मुलाशी घरात कोणी त्याला कळेल अशा भाषेत बोललेच नाही, त्याच्या मनाची वाढ खुंटते. राग, भीती, लाज यांना नाव देता आले नाही तर माणूस त्या भावना हातापायांनी व्यक्त करतो आणि मग जग त्याला अडदांड म्हणते. बहुसंख्य बहिरी मुले ऐकत्या आईबापांच्या पोटी जन्मतात. म्हणून घरातल्या पंगतीत बसूनही ती परक्यासारखी राहतात. सगळे हसले की तेही हसते, कशाला हसले ते विचारले तर उत्तर मिळते, “काही नाही, मग सांगतो.” या ‘मग सांगतो’ने जेवढी मने उपाशी ठेवली तेवढी कोणत्या दुष्काळाने ठेवली नसतील.

मधले मूल

आता त्या दवाखान्यातल्या मुलीकडे परत येऊ. तिचे दुःख वेगळे आहे. तिला घरात भाषा आहे, माया आहे. पण दाराबाहेर पाऊल टाकताच ती आईबापांचे कान बनते. वाण्याचा हिशेब, घरमालकाचा तगादा, शिक्षकांची तिच्याच विरुद्धची तक्रार, आजीच्या मृत्यूचा निरोप, सारे तिच्या तोंडून आणि हातांतून जावयाचे. अमेरिकेत बेल यांचा टेलिफोन घरोघर गेला तेव्हा बहिऱ्यांच्या घरात तो उचलावयाचा कोणी? मुलांनी. बधिर पदार्थविज्ञानज्ञ रॉबर्ट वाइटब्रेख्ट यांनी टंकलेखन-यंत्रे टेलिफोनला जोडण्याची युक्ती 1964 मध्ये साधली, तेव्हा कोठे बहिऱ्यांना परस्परांशी तारेवरून बोलता येऊ लागले. रस्त्यात लोक आईबापांविषयी जे बोलतात ते त्यांना ऐकू येत नाही. ते मुलाला ऐकू येते. ते सांगावे तर आई दुखावेल, न सांगावे तर आपणच तिच्याशी खोटे वागलो असे वाटते. घरातला कर्ता होण्याचे वय नव्हे, पण कर्तेपण अंगावर येते. काही मुले त्याने खंबीर होतात. काही मोठेपणीही आपल्याला काय हवे ते सांगूच शकत नाहीत, कारण आयुष्यभर दुसऱ्याचेच म्हणणे सांगण्याची सवय जडलेली असते.

पॉल प्रेस्टन या बधिर मातापित्यांच्याच मुलाने अशा दीडशे प्रौढांच्या मुलाखती घेऊन 1994 मध्ये पुस्तक लिहिले. त्यापूर्वीच, 1983 मध्ये, मिली ब्रदर यांनी या मुलांची एक संघटना काढली होती. आपले कान ऐकणाऱ्यांचे आहेत, पण हात बहिऱ्यांचे आहेत. आपण दोन्ही आहोत, हे सांगण्यास एक नाव हवे होते, ते त्यांना मिळाले. ओळख ही वस्तू अशी आहे की, ती एकट्याला सापडत नाही. आपल्यासारखे दुसरे कोणी भेटले की मगच माणूस आपल्याला ओळखतो.

आणि हे मधले मूल दुबळेच असते असे कोणी समजू नये. मूकपटांच्या युगातील नामांकित नट लॉन चेनी यांचे आईबाप दोघेही बधिर होते. पडद्यावर शब्दाविना भावना उमटविण्याची जी कला जगाने वाखाणली तिचा पहिला पाठ त्यांनी स्वयंपाकघरात घेतला होता. लुईस फ्लेचर या नटीने मनोरुग्णालयातील एका निष्ठुर परिचारिकेची भूमिका केली आणि 1976 मध्ये तिला ऑस्कर मिळाले. त्या सोहळ्यात, लक्षावधी प्रेक्षकांसमोर, तिने दूर घरी बसलेल्या आपल्या बधिर आईबापांचे आभार हातांनी मानले. अमेरिकेत 1964 मध्ये दुभाष्यांची पहिली राष्ट्रीय संस्था निघाली, तेव्हा त्या व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांत बधिर मातापित्यांची मुले पुष्कळ होती. लहानपणी जे ओझे विनामोबदला वाहिले, त्याची विद्या झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पगारी दुभाष्या आला की मुलाला पुन्हा मूल होता येते.

आपल्याकडे

आपल्या देशातील बहिऱ्यांची पहिली शाळा मुंबईस 1885 च्या सुमारास रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने निघाली. कलकत्त्याची शाळा 1893 मधली. मिलानच्या ठरावाचे वारे ताजे होते, त्यामुळे आपल्या शाळांनीही वाणीचाच मार्ग धरला. तरी दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगलोर येथील बहिऱ्यांच्या खुणा अभ्यासकांनी 1970 नंतरच्या काळात तपासल्या, तेव्हा असे आढळले की शब्दांत भेद असले तरी व्याकरण एकच आहे. शाळेने जी शिकविली नाही, शासनाने जिला ओळखले नाही, अशी ही भाषा वसतिगृहांतून, मंडळांतून, बधिर दांपत्यांच्या घरांतून आपली आपण वाढली. 1983 मध्ये मुंबईत वांद्रे येथे बधिरांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली. 2015 मध्ये दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याने 2018 मध्ये 3,000 शब्दांचा कोश काढला आणि 2021 पर्यंत तो 10,000 शब्दांवर नेला. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या 50 लाखांहून अधिक नोंदली आहे.

चित्रपटांनी मात्र या घरांकडे आधीच पाहिले होते. गुलजार यांच्या 1972 च्या ‘कोशिश’मध्ये बहिऱ्या दांपत्याचा ऐकता मुलगा बहिऱ्या मुलीशी लग्न करण्यास नकार देतो. ज्या आईबापांनी वाढविले त्यांच्यासारखीच पत्नी मात्र नको! तो क्षण लेखकाने कोठून आणला असेल ते असो. पण लाजेचे मूळ किती खोल जाते, हे त्याने अचूक दाखविले. 1996 च्या ‘खामोशी’त गोव्यातील एका बधिर जोडप्याची मुलगी गाणारी निघते, आणि जे तिचे सर्वस्व ते आईबापांना कधीच ऐकता येणार नाही, यातून सारे नाट्य उभे राहते. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी केलेल्या त्या भूमिका आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. चित्रपटगृहात आपण डोळे पुसले. दवाखान्याच्या रांगेत मात्र “पोर किती हुशार!” एवढेच म्हणालो.

तेव्हा या इतिहासावरून काय घ्यावे? बेल सर्वस्वी चुकले आणि गॅलोडेट सर्वस्वी बरोबर, असा निकाल देण्यास आम्ही उभे नाही. ज्या मुलाला बोलता येणे शक्य आहे त्याने बोलावे, यंत्राने ऐकू येत असेल तर ऐकावे. त्यात वाईट काही नाही. गॅलोडेट यांनीही वाणी शिकविण्यास कधी ना म्हटले नाही. पण बोलणे येईपर्यंत भाषा रोखून धरणे म्हणजे चपला मिळेपर्यंत मुलाला चालू न देण्यासारखे आहे. आणि बहिऱ्याशी बोलण्याचे सारे काम त्याच्या लहान मुलावर टाकणे हा आपला, ऐकणाऱ्यांचा, आळस आहे. चिल्मार्कच्या कोळ्यांनी जे केले ते करण्यास फार विद्वत्ता लागत नाही. इस्पितळात, न्यायालयात, बँकेत एक दुभाष्या. शाळेत थोड्या खुणा. आणि शेजारी बहिरे कुटुंब असेल तर नमस्कार, बसा, जेवलात का, एवढे चार शब्द हातांनी. आरंभ एवढ्याने होतो.

शेवटी पुन्हा त्या दोन पुत्रांकडे पाहू. बेल यांची देणगी आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मूळ प्रेरणा बधिर मातेच्या कपाळाशी ओठ नेणाऱ्या मुलाची, हे आपण विसरलो आहोत. एडवर्ड गॅलोडेट यांची देणगी फार थोड्यांना ठाऊक आहे. खुणांची भाषा नाहीशी होईल या भीतीने अमेरिकेतील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने 1910 पासून उत्तम वक्त्यांची चलच्चित्रे घेतली. त्यांत त्र्याहत्तर वर्षांचे गॅलोडेटही आहेत. कोट घातलेला एक ऐकता वृद्ध उभा राहून शांतपणे हातांनी गोष्ट सांगत आहे. त्या वेळी सोफायाबाईंना जाऊन तेहतीस वर्षे झाली होती. ते चित्र आजही पाहावयास मिळते, आणि त्या हातांत त्यांच्या आईची भाषा अजून आहे.